काळ्यात एकही ठिपका नको

फोटोवाल्याने पिठाच्या गिरणीशेजारी दुकान घेऊ नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण नेरूळच्या सेक्टर दहाच्या बाजारात करीमभाई मुकरींचं दुकान आधी आलं आणि पोपटशेठची गिरणी नंतर, त्यामुळे बोलणार कोण आणि कुणाला? सकाळी आठला गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मधल्या प्लायवूडच्या फटींतून पीठ करीमभाईंच्या डार्करूममध्ये शिरायचं. ते दाराला ओलं गोणपाट लावायचे, जमिनीवर पाणी शिंपडायचे, पंखा बंद ठेवून घामाघूम होत काम करायचे. तरी निगेटिव्हवर एखादा कण बसायचाच. कण बसला की तेवढ्या जागेतून उजेड जात नाही, आणि कागदावर तिथे पांढरा ठिपका उमटतो. आजोबांच्या काळ्या कोटावर ठिपका, नवरीच्या केसात ठिपका. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा पिठाशी हे भांडण चार वर्षं चाललेलं होतं आणि ते पार थकलेले होते.

थकलेली माणसं मला लगेच ओळखू येतात, कारण मी त्यांच्यातलीच. नेरूळच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. बावीस वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांना समजावून सांगायची, घरी यायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करायचं, पाणी आलं की पिंप भरायचं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासायचे. माझा स्वभाव मुळात चिडका. दमले की तो आणखी चिडका होतो आणि मी कायमच दमलेली असायचे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. करीमभाईंच्या दुकानात मात्र मला बरं वाटायचं. तिथे कुणी मला काही विचारत नसे.

ते मूळचे उरणचे. तिथे त्यांचं चांगलं चाललेलं दुकान होतं. नवी मुंबई वसायला लागली, नवे फ्लॅट, नवी कुटुंबं, म्हणजे बारशी, वाढदिवस, लग्नं, असा विचार करून ते इथे आले. विचार बरोबर होता. कुटुंबं आली, बारशी झाली, पण फोटो काढायला लोकांकडे स्वतःचे कॅमेरे आले, आणि तासाभरात रंगीत फोटो धुऊन देणारी मशीनं वाशीला आली. करीमभाईंकडे उरली ती मेलेली माणसं.

हे मी थट्टेने म्हणत नाही, त्यांचं मुख्य काम तेच होतं. सारसोळे, करावे इथल्या जुन्या गावांतून लोक यायचे. घरातलं माणूस गेलेलं असायचं आणि भिंतीवर लावायला, हार घालायला धड फोटो नसायचा. कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा. त्यातून करीमभाई माणूस वर काढायचे. आधी त्या फोटोचाच फोटो घ्यायचे, मग त्या निगेटिव्हवर भिंग लावून बारीक सुरीने आणि पेन्सिलीने काम करायचे. सुरी दाढीच्या पात्याहून पातळ. तिने निगेटिव्हवरचा नको असलेला काळा डाग अलगद खरवडायचा, म्हणजे कागदावर तो पांढरा उमटत नाही. सारसोळ्याच्या शेवंताबाईंचा नवरा सिताराम गेला तेव्हा त्याच्या एकुलत्या एक फोटोत त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. करीमभाईंनी तो हात काढला, खांदा नव्याने केला, मिटत आलेले डोळे उघडले. दहाव्याच्या आदल्या दिवशी फोटो तयार. शेवंताबाईंनी तो बघितला आणि दुकानातच खाली बसून हंबरडा फोडला. करीमभाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बराबर आलाय." त्यांच्याकडे कामाची पावती हीच.

त्यांची मुलगी अमरीन उरणला राहायची. नवऱ्याचं कंटेनर वाहतुकीत बरं चाललं होतं. करीमभाईंची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, वय एकसष्ट, आठवडाभर दुकानातच मागे झोपायचे आणि गुरुवारी संध्याकाळी एसटीने उरणला जायचे, कारण शुक्रवारी दुकान बंद. अमरीन महिन्यातून एकदा येऊन भांडायची. एकदा मी तिथे पासपोर्टच्या फोटोसाठी बसले होते.

"मॅडम, तुमीच सांगा यांना," ती म्हणाली. "ह्या पिठात बसून खोकला धरलाय. घरी खोली रिकामी हाय. कुनासाठी हे?"

"उरनला मी नुसता तुजा बाप," करीमभाई म्हणाले. "हितं मी करीम फोटोवाला हाय. मानसं रडत येतात, मी त्यांना तोंड बघायला देतो. घरी येऊन भिंत बघत बसू?"

"नजर ऱ्हायलीय का पन आता?"

ते त्यांना लागलं. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या हातनं फोटो खराब होईल ना, त्या दिवशी कुलूप लावीन. अल्लाची कसम. मॅडम साक्षीला हायत."

"हो, मी आहे साक्षीदार," मी म्हणाले आणि हसले. आम्ही तिघंही हसलो.

हे शहाण्णवच्या पावसाळ्यातलं. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या कॉलेजने विज्ञान प्रदर्शन ठरवलं. सगळे विभाग बेडकाचे सांगाडे नाही तर व्होल्टमीटर मांडणार, हे मला माहीत होतं. म्हटलं, आपण निदान बघण्यासारखं काहीतरी लावू. माझ्याबरोबर एम.एस्सी.ला असलेले श्यामसुंदर दक्षिणेतल्या एका वेधशाळेत होते. त्यांना पत्र टाकलं. त्यांनी आपल्या संग्रहातल्या एका काचेच्या प्लेटवरून फिल्मवर काढलेली निगेटिव्हची प्रत पाठवली, पोस्टकार्डाएवढी. सोबत पत्र होतं आणि एक ट्रेसिंग पेपर.

फोटो आकाशाचा होता. सगळीकडे तारेच तारे, रवा सांडल्यासारखे, आणि मधोमध एक मोठा काळा भाग. बघणाऱ्याला वाटावं आकाशाला भोक पडलंय. भोक नव्हे, तो ढग होता. अवकाशातला वायू आणि धूळ यांचा असा अवाढव्य ढग, की मागच्या ताऱ्यांचा उजेड पलीकडेच अडतो. तारे जन्माला येतात ते अशाच ढगांच्या पोटात. या ढगातले काही अगदी नुकते बाहेर दिसू लागले होते. काळ्यामध्ये विखुरलेले नऊ पांढरे ठिपके. निगेटिव्हवर अर्थातच हे सगळं उलटं, पांढऱ्यात नऊ काळे. श्यामसुंदरनी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने नऊ गोल करून लिहिलं होतं, "नंदिनी, या फोटोची सगळी किंमत या नवांत आहे. बाकीचे तारे म्हणजे गर्दी." आणि शेवटी, दुसरी प्रत हवी असेल तर चार महिने तरी लागतील.

ती निगेटिव्ह मी करीमभाईंकडे नेली. दोन फूट बाय अडीच फूट एवढा मोठा कागद काढू शकेल असा दुसरा माणूस आसपास नव्हता.

तो दिवस मला नीट आठवतो. सहामाहीचे एकशे चाळीस पेपर डोक्यावर, आदल्या दिवसापासून सासूबाईंना ताप, सकाळी पाणी आलं नव्हतं. दुपारी बाराला मी दुकानात जाऊन स्टुलावर बसले. करीमभाईंनी चहा विचारला, मी नको म्हणाले. त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली, बराच वेळ बघत राहिले. मला घाई होती.

"करीमभाई, फार विचार करू नका," मी म्हणाले. "मधला भाग काळाभोर आला पाहिजे बघा. एकदम काळा. करडा नको, डाग नको, काही नको. जमेल ना?"

मला म्हणायचं होतं की काळा काळा दिसावा आणि पांढरं पांढरं. फिजिक्सवाल्या बाईला फोटोवाल्याची भाषा कुठून येणार? पण मी ती येत असल्यासारखी बोलले. ट्रेसिंग पेपर माझ्या पर्समध्येच होता.

"जमेल की," करीमभाई म्हणाले. "काळजी सोडा."

त्या कामासाठी त्यांनी काय काय केलं ते पोपटशेठनेच मला नंतर सांगितलं. एवढा मोठा कागद बुडवायला ट्रे नव्हता, तर प्लायवूडची चौकट ठोकून तिच्यात प्लास्टिक अंथरलं. फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचं तोंड फिरवून उजेड समोरच्या भिंतीवर पाडला. पोपटशेठच्या हातापाया पडून दोन दिवस दुपारी गिरणी बंद ठेवायला लावली. पहिले चार कागद त्यांनीच फाडून टाकले.

गुरुवारी दुपारी मी आणायला गेले. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. त्यांनी टेबलावर तो कागद उलगडला आणि बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. अमरीन आलेली होती, त्यांना उरणला घेऊन जायला.

कागद देखणा होता. कडेचा एकूण एक तारा टोकदार आला होता. आणि मधला ढग मखमलीसारखा काळा, सलग, गुळगुळीत.

"काळ्यात नऊ डाग व्हते," करीमभाई म्हणाले. "निगेटिवमधीच घट्ट बसलेले. म्हटलं दर कागदावर रंग लावत बसन्यापेक्षा मुळातच काढू. सुरीनं काढले. आता किती बी कागद काढा मॅडम, एक ठिपका दिसनार नाय."

मी निगेटिव्ह मागून घेतली, उजेडाकडे धरली. नऊ जागा स्वच्छ खरवडलेल्या होत्या. काम इतकं सफाईदार, की शोधायलाही भिंग लागलं.

जिभेवर आलं होतं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. माझी जीभ तशी कधी कुणाची भीड राखत नाही. पण अमरीन बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती, बाप माझ्या, आणि मला ती पावसाळ्यातली शपथ आठवली. मी साक्षीदार होते. मी आता एक वाक्य बोलले की या माणसाचं दुकान बंद.

"छान झालंय," मी म्हणाले. "फारच छान."

करीमभाई हसले. अमरीनकडे वळून म्हणाले, "बघितलंस? नजर विचारत होतीस."

रात्रभर मी स्वतःची समजूत घालत राहिले. कळणार कुणाला? प्रिन्सिपल वाणिज्य शाखेचे. मुलांना मी सांगेन, हा ढग आहे, यात पुढे तारे होतील. खोटं तर नाही. सकाळी फोटो हॉलमध्ये लागला आणि मी पुढच्या कामाला लागले. प्रदर्शनात दिवसभर उभं राहायचं या विचारानेच माझे पाय दुखायला लागले होते.

अकराच्या सुमाराला करीमभाई आले. शुक्रवार, दुकान बंद, म्हणून. मी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत अमरीन. आपला फोटो कॉलेजात लागलाय तो लेकीला दाखवायला आणलं होतं. मी धावत पुढे झाले, या या म्हणाले, आणि तेवढ्यात फोटोसमोर उभ्या असलेल्या शाळेच्या मुलींपैकी एक ओरडली, "मॅडम, ठिपके कुठायत?"

फोटोखाली पाटी होती. माझ्याच विद्यार्थिनीने, ईश्वरीने, पंधरा दिवसांपूर्वी माझ्याच टिपणावरून ती लिहून ठेवली होती, आणि सकाळी न विचारता खिळ्याला अडकवली होती. सुंदर अक्षरात: "काळ्या ढगातले नऊ पांढरे ठिपके मोजा. हे नुकतेच जन्मलेले तारे आहेत."

मुली मोजत होत्या. एक म्हणाली, "एक पण नाही." दुसरी म्हणाली, "आहेत गं, तुला दिसत नाहीत."

करीमभाई पाटीजवळ गेले. चष्मा लावून वाचली. परत एकदा वाचली. त्यांनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग मुलींना बाजूला करत पुढे झाले आणि कागदाला न लावता बोट धरलं.

"हितं एक," ते म्हणाले. "हितं दोन. हा जरा मोठा व्हता. हितं तीन, चार जवळजवळ."

मुली त्यांच्या बोटाबरोबर मोजायला लागल्या. पाच, सहा. अमरीनला काय चाललंय ते कळलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. नऊ झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला. घरी गेल्यावर मी तो ट्रेसिंग पेपर काढून बघितला. नऊच्या नऊ जागा जिथल्या तिथे होत्या. हात चुकलेला नव्हता, नजर तर मुळीच चुकली नव्हती.

मुली पुढच्या टेबलाकडे गेल्या. करीमभाई म्हणाले, "हे काय व्हतं ते आता तरी सांगा, मॅडम."

मी सांगितलं. इतकं नीट मी कधी वर्गातही सांगितलं नसेल. "हा ढग आहे करीमभाई. हायड्रोजनचा, आणि त्यात थोडी धूळ. धूळ उजेड अडवते, म्हणून काळा दिसतो."

"ते कळलं. निगेटिववर कन बसल्यासारखं."

"बरोबर. उजेडालाही या टोकाकडून त्या टोकाला जायला पन्नास-साठ वर्षं लागतील, एवढा मोठा. आत कल्पना करवणार नाही अशी थंडी. त्या थंडीत कुठेतरी वायू जरासा दाट होतो. दाट झाला की त्याची ओढ वाढते, आजूबाजूचा वायू आत यायला लागतो. आला की ओढ आणखी वाढते. असा गोळा होत जातो, स्वतःच्याच भाराने आवळत जातो, आणि आवळला की तापतो. तापून लाल होतो, चमकायला लागतो. भोवतीची धूळ हळूहळू उडवून देतो आणि मग कुठे आपल्याला दिसतो. हे नऊ त्या टप्प्यावरचे. अजून पोटातला हायड्रोजन पुरता पेटलेला नाही. तो पेटला की तारा पक्का झाला, आपल्या सूर्यासारखा."

"इथवर यायला किती वेळ लागतो?"

"दहा-वीस लाख वर्षं."

त्यांनी मान हलवली. "मला नवांना मिळून पंधरा मिनटं लागली," ते म्हणाले. मग अमरीनला म्हणाले, "चल. नमाजाची वेळ व्हईल."

सोमवारी दुकान उघडलं ते सामान काढण्यासाठी. मी कळल्याबरोबर गेले. एन्लार्जर गोणपाटात बांधून झाला होता. पोपटशेठला ती जागा मसाल्याच्या चक्कीसाठी हवीच होती, तो दारात उभा राहून मापं घेत होता. त्याला बघून माझं डोकं फिरलं. मी त्याला बाहेर काढलं आणि करीमभाईंसमोर बसले.

"ही शपथ लागू होत नाही," मी म्हणाले. "चूक तुमची नाही. मी म्हणाले होते काळाभोर पाहिजे, डाग नको. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत. कुठे काय आहे त्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता, करीमभाई. तुम्हाला दाखवायला मला दोन मिनिटं लागली असती. मी बावीस वर्षं ज्याला त्याला समजावत फिरते, आणि तुम्हाला सांगितलं नाही."

ते सुऱ्या फडक्यात गुंडाळत होते. "फोटो खराब झाला," ते म्हणाले. "कुनाच्या चुकीनं, हे आपन ठरवलं नव्हतं."

"मग तुम्ही तरी विचारायचं होतंत! एवढा वेळ उजेडाला धरून बघत होतात. एक शब्द विचारला असतात, हे ठिपके कसले म्हणून!"

मी ओरडत होते. रडतही होते बहुतेक. त्यांनी फडक्याला गाठ मारली, पिशवीत ठेवलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"विचारनारच व्हतो मॅडम," ते म्हणाले. "पन तुमी त्या दिवशी लई दमलेल्या दिसल्या. म्हटलं, कशाला तरास."